शोधनिबंधाचे दोन घाट : दा. ध. कोसंबी यांच्या लेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात रासायनिक प्रयोगाचा वृत्तांत आणि संतकवितेवरील विवेचन शेजारी शेजारी छापले जाते. दोहोंना ‘शोधनिबंध’ हीच संज्ञा असते आणि लेखकांना दिले जाणारे सूचनापत्रकही बहुधा एकच असते : सारांश, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनपद्धती, निष्कर्ष. विज्ञानाच्या निबंधात ही शीर्षके आपापले काम करतात. मानव्यविद्येच्या निबंधात ती पुष्कळदा केवळ भरली जातात. ‘तुकारामांच्या अभंगांत सामाजिक जाणीव आढळते’ असे गृहीतक मांडावयाचे आणि चार पानांनंतर ते सिद्ध झाल्याचे नमूद करावयाचे, हा प्रकार परीक्षकांच्या चांगला परिचयाचा आहे. जे खोटे ठरण्याची शक्यताच नाही, त्यास गृहीतक म्हणणे कठीण आहे. हा दोष लेखकाचा की त्याच्यावर लादलेल्या घाटाचा, हे तपासण्यासाठी दोन्ही क्षेत्रांत अधिकाराने लिहिणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे लेखन उपयुक्त ठरते.

विज्ञाननिबंधाचा घाट

विज्ञाननिबंधाचा आजचा चौकटबद्ध घाट विज्ञानाइतका जुना नाही. लंडन येथे १६६५ मध्ये सुरू झालेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये पत्रे होती आणि पाहिलेल्या गोष्टींची प्रथमपुरुषी कथने होती. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे व चर्चा ही चतुर्विध मांडणी सर्रास रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा जेमतेम पानभराचा निबंध या चौकटीत बसत नाही. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पीटर मेडावार यांनी तर १९६३ मध्ये असा आक्षेप घेतला की, शोधामागील विचारप्रक्रियेचे खरे रूप विज्ञाननिबंध झाकून टाकतो.

तथापि या घाटामागे सबळ प्रयोजन आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेतील अनोळखी अभ्यासकास तोच प्रयोग पुन्हा करता यावा, यासाठी लेखकाचे व्यक्तित्व मागे सरते आणि पद्धती पुढे येते. कोसंबींचा ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडातील (१९४३–४४) निबंध अवघा चार पानांचा आहे. जनुकांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील अंतर कसे काढावे, हा त्याचा प्रश्न. त्यातून सिद्ध झालेले सूत्र आज ‘कोसंबी फलन’ म्हणून जनुकीय नकाशे तयार करताना वापरले जाते. ते वापरण्यासाठी मूळ निबंध वाचावा लागत नाही. निष्कर्ष निबंधापासून सुटा होऊन स्वतंत्रपणे चालू लागतो, हे या लेखनप्रकाराचे मर्म होय.

सीमारेषेवरील लेखन

कोसंबींचा आहत नाण्यांवरील अभ्यास दोन्ही घाटांच्या सीमेवर उभा आहे. नाणे चलनात फिरले की झिजते; म्हणून दीर्घकाळ फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधील तफावत वाढते. या तत्त्वावर त्यांनी तक्षशिलेच्या निधीतील चांदीच्या नाण्यांची वजने घेऊन संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. येथे प्रश्न इतिहासाचा असला तरी गृहीतक खरेखुरे आहे, कारण तराजू ते खोटे ठरवू शकतो. मानव्यविद्येत गृहीतकास स्थान नाही असे म्हणणे त्यामुळे योग्य ठरत नाही. प्रश्न कोणत्या जातीचा आहे, यावर ते स्थान अवलंबून असते.

मानव्यविद्येच्या निबंधाचा घाट

भर्तृहरीच्या सुभाषितांची कोसंबींनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पोथ्यांचे गट पाडणे, पाठभेद नोंदवणे, बहुतेक पोथ्यांत आढळणारे श्लोक आणि संशयित श्लोक वेगळे करणे, ही सर्व कामे दुसऱ्यास पडताळून पाहता येतात. परंतु भर्तृहरीच्या वैराग्याची प्रत कोणती, हा त्यांनीच अन्यत्र हाताळलेला प्रश्न पडताळणीचा नाही. तो निर्णयाचा आहे.

वा. वि. गोखले यांच्यासह संपादित केलेल्या ‘सुभाषितरत्नकोशा’च्या (१९५७) प्रस्तावनेत कोसंबींनी संस्कृत दरबारी कवितेचा वर्गीय अन्वयार्थ लावला. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे डॅनियल इंगॉल्स यांनी १९६५ मध्ये त्या अन्वयार्थाशी स्पष्ट मतभेद नोंदवला. मात्र भाषांतरासाठी आधार घेतला तो याच संपादित संहितेचा. विज्ञानात प्रतिकूल निरीक्षणाने गृहीतक बाद होऊ शकते. येथे अन्वयार्थ बाद झाला नाही, त्याला प्रतिपक्ष मिळाला. आणि आजचा अभ्यासक दोन्ही वाचल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. ‘मिथ अँड रिॲलिटी’मधील (१९६२) भगवद्गीतेवरील लेखाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येईल, पण उदाहरणांची निवड, त्यांचा क्रम आणि शब्दांचा तोल वगळला, तर ते वाक्य केवळ एक मत उरते. अशा लेखनात भाषा हे प्रतिपादनाचे वेष्टन नसते. प्रतिपादन भाषेतच घडते.

याचा अर्थ मानव्यविद्येच्या निबंधास शिस्त नको, असा नव्हे. रसग्रहण अथवा गौरव संशोधन म्हणून खपवणे हा गृहीतकाच्या सोंगाइतकाच मोठा दोष आहे. या शिस्तीसाठी विज्ञानाची शीर्षके उसनी आणण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त ही मांडणी अधिक जवळची आहे. पूर्वसूरींचे मत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडले आहे काय, अवतरण संदर्भासह दिले आहे काय, त्याच पुराव्याचा दुसरा अर्थ विचारात घेतला आहे काय आणि प्रतिपादनाची मर्यादा सांगितली आहे काय, हे चार प्रश्न परीक्षकाने विचारले, तर निबंधाची कसोटी पुरेशी कठोर होईल.

समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधास गुण जोडले. २०१८ मध्ये पत्रिकांच्या दर्जासाठी ‘केअर’ यादीची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. पत्रिकेचा दर्जा ठरवण्याचे उत्तरदायित्व आता संस्थांवर व अध्यापकांवर आले आहे. बाहेरची यादी नसताना शीर्षके मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरेल आणि त्यात सर्वाधिक हानी होईल ती आपला प्रश्न स्वतःच्या भाषेत विचारू पाहणाऱ्या नव्या अभ्यासकाची. कोसंबींनी नाण्यांसाठी तराजू वापरला आणि कवितेसाठी तो बाजूला ठेवला. कोणत्या प्रश्नास कोणता घाट, हा विवेक परीक्षकाने दाखवल्यासच बहुविद्याशाखीय पत्रिकेतील ‘बहु’ या पदास अर्थ राहील.