सहायक प्रशिक्षकाचे चरित्र : बिल गथ्रिज यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक :

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी विपुल लेखन झाले आहे. चरित्रे, आत्मचरित्रे, एखाद्या हंगामाचा वृत्तान्त सांगणारी पुस्तके आणि चित्रपट असे त्याचे अनेक प्रकार आहेत. या लेखनाचा नायक बहुधा मुख्य प्रशिक्षक असतो. खेळाडू साधारणपणे फार तर चार-पाच वर्षे महाविद्यालयात राहतो, प्रशिक्षक मात्र दशकानुदशके राहतो. त्यामुळे कथनाला सातत्य देणारे पात्र म्हणून लेखकाला तोच सोयीचा वाटतो. परंतु त्याच्या शेजारच्या खुर्चीवर तितकाच काळ बसलेला सहायक प्रशिक्षक या लेखनात क्वचितच पूर्णपणे उभा राहतो. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे बिल गथ्रिज यांची कारकीर्द आणि या क्षेत्रातील काही परिचित कलाकृती यांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

तीस वर्षे आणि तीन वर्षे :

गथ्रिज यांचा जन्म १९३७ मध्ये कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी झाला. कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते टेक्स विंटर यांच्या हाताखाली खेळले. पदवीनंतर काही काळ शालेय संघाचे प्रशिक्षण करून १९६२ मध्ये ते विंटर यांचेच सहायक झाले. १९६७ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना येथे डीन स्मिथ यांच्याकडे गेले आणि पुढील तीस हंगाम तेथेच सहायक म्हणून राहिले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक स्मिथ होते. तेथेही गथ्रिज त्यांचे सहायक होते. १९७८ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारण्याच्या टोकापर्यंत जाऊन ते मागे फिरले.

९ ऑक्टोबर १९९७ रोजी स्मिथ निवृत्त झाले. त्या वेळी त्यांच्या नावावर ८७९ विजय होते. हंगाम तोंडावर आला होता, बाहेरचा माणूस शोधण्यास अवधी नव्हता. साठ वर्षांचे गथ्रिज मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात संघाने ३४ सामने जिंकले व केवळ ४ गमावले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत स्थान मिळवले. गथ्रिज यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. दुसऱ्या वर्षी वेबर स्टेट या तुलनेने अल्पपरिचित संघाकडून पहिल्याच फेरीत पराभव झाला. तिसऱ्या वर्षी चौदा सामने गमावलेला हाच संघ पुन्हा अंतिम चारांत पोहोचला. त्यानंतर, २००० मध्ये, ते निवृत्त झाले. तीन वर्षांत ८० विजय आणि २८ पराभव.

एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या नोंदींत विजय मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जमा होतो. त्यामुळे कारकीर्दीतील तीन वर्षे तेवढी आकड्यांत उरतात. वस्तुतः खेळाडू म्हणून एकदा (१९५८), सहायक म्हणून अकरा वेळा आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून दोनदा, असे एकूण चौदा वेळा गथ्रिज अंतिम चार संघांसोबत होते. स्मिथ यांच्या संघांनी अकरा वेळा हा टप्पा गाठला, त्यांपैकी दहा वेळा गथ्रिज त्यांच्या शेजारी होते. १९८२ आणि १९९३ ची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे याच काळातील आहेत.

येथे जमाखर्चाची एक विषमता लक्षात घ्यावी लागते. पहिल्या तीस वर्षांचे विजय स्मिथ यांचे, कारण मुख्य प्रशिक्षक ते होते. नंतरच्या तीन वर्षांच्या विजयांतही ‘खेळाडू तर स्मिथ यांनीच निवडलेले’ असे म्हणण्यास जागा राहते. पराभव मात्र निर्विवादपणे गथ्रिज यांचे ठरतात. ज्या तर्काने सहायकाला श्रेय नाकारले जाते, तोच तर्क तो मुख्य प्रशिक्षक झाल्यावर उलटा फिरवला जातो. पदोन्नतीचे कथनही याच रीतीने होते. स्मिथ यांनी निवृत्तीसाठी निवडलेली वेळ ही त्यांनी आपल्या सहकाऱ्याला दिलेली भेट मानली जाते. तीस वर्षांच्या कामाने मिळवलेला अधिकार म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

१९९७-९८ च्या हंगामातील एक गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. बास्केटबॉलमध्ये सामना पाच खेळाडूंनी सुरू होतो. गथ्रिज यांच्याकडे त्या तोडीचे सहा होते. त्यांनी सहाव्याला कायमचा राखीव ठरवला नाही; सहाही जणांना आळीपाळीने प्रारंभीच्या पाचांत स्थान दिले. यामागे मानसशास्त्र शोधण्याचे कारण नाही. मात्र आरंभीच्या यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाचा हा निर्णय होता, एवढे नोंदवता येते.

कथनातील सहायक :

आता काही कलाकृतींकडे वळू. जॉन फाइनस्टाइन यांचे ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ (१९८६) हे पुस्तक इंडियाना विद्यापीठाच्या १९८५-८६ च्या हंगामाचा वृत्तान्त आहे. लेखकाने पूर्ण हंगाम बॉब नाइट यांच्या संघासोबत काढला. सूक्ष्म निरीक्षणामुळे हे पुस्तक या प्रकारातील मानदंड ठरले आहे. यात सहायक प्रशिक्षक सतत उपस्थित आहेत. सामन्यांच्या चित्रफिती तासन्‌तास पाहणारे, मुख्य प्रशिक्षकाचा संताप झेलणारे, दुखावलेल्या खेळाडूची समजूत घालणारे असे ते दिसतात. परंतु त्यांचे हे काम नाइट यांच्या स्वभावचित्रणाची सामग्री म्हणूनच येते. संताप किती मोठा होता, हे दाखवण्यासाठी तो झेलणारे लागतात. दोन बाजूंत मध्यस्थी करणे हेही एक कौशल्य आहे आणि त्यावर संघ टिकून राहतो, असा अर्थ पुस्तकातील तपशिलांतून सहज निघतो. पण लेखक तो काढत नाही.

‘हूझियर्स’ (१९८६) हा चित्रपट शालेय बास्केटबॉलवरचा असला तरी येथे उपयुक्त आहे. त्यात शूटर हा व्यसनाधीन पण खेळ जाणणारा गृहस्थ सहायक म्हणून नेमला जातो. एका सामन्यात मुख्य प्रशिक्षक मुद्दाम पंचांकडून स्वतःला बाहेर काढवून घेतो आणि संघ शूटरच्या हाती येतो. या भूमिकेसाठी डेनिस हॉपर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. प्रसंग परिणामकारक आहे, यात शंका नाही. परंतु त्याची मांडणी पाहिली तर सहायकाचे कर्तृत्व दिसावे यासाठी मुख्य माणसाने बाजूला व्हावे लागते, हे गृहीतक त्यात आहे. दोघे एकत्र असताना सहायकाचे काम दाखवता येते, यावर या कथनप्रकाराचा विश्वास नाही.

रॉय विल्यम्स यांचे ‘हार्ड वर्क’ (२००९) हे आत्मचरित्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. १९७८ ते १९८८ या काळात विल्यम्स हेही नॉर्थ कॅरोलायना येथे स्मिथ यांचे सहायक होते, म्हणजे गथ्रिज यांचे सहकारी. शालेय नोकरी सोडून ते आले तेव्हा त्यांचे पहिल्या वर्षाचे वेतन २,७०० डॉलर होते. चरितार्थासाठी ते संघाच्या दिनदर्शिका विकत आणि स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या फिती गाडीने केंद्रांवर पोहोचवत. पुढे ते कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायना येथे मुख्य प्रशिक्षक झाले. २००५, २००९ आणि २०१७ ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. या यशाच्या प्रकाशात दिनदर्शिका विकण्याची वर्षे तपश्चर्येसारखी दिसतात, आणि पुस्तकाचे शीर्षकही तेच सुचवते. पण तीच वर्षे काढून मुख्य पदापर्यंत न पोहोचलेल्या सहायकाकडे आत्मचरित्र मागायला कोणी येत नाही. अपुऱ्या वेतनाला शिडीची पायरी म्हणणारा माणूस वर पोहोचलेला असतो, ही या प्रकारच्या लेखनाची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

निष्ठा आणि वेतन :

गथ्रिज यांच्याविषयी लिहिताना ‘निष्ठा’ या गुणाचा उल्लेख हमखास होतो. तो चुकीचा नाही. सहायकपद म्हणजे केवळ मुख्य पदाची प्रतीक्षा, हा समज त्यांच्या कारकीर्दीने खोटा ठरवला. उंच खेळाडूंचे तंत्र घोटून घेणे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणे, प्रवासापासून सरावापर्यंतची व्यवस्था लावणे ही कामे आयुष्यभर करण्याजोगी आहेत, असे त्यांनी कृतीने सांगितले. त्यांचे गुरू विंटर यांचेही उदाहरण बोलके आहे. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ‘ट्रँगल’ आक्रमणपद्धतीचे प्रवर्तक म्हणून त्यांची ख्याती प्रामुख्याने शिकागो बुल्सचे सहायक प्रशिक्षक असताना झाली, आणि २०११ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली.

तथापि निष्ठेच्या गौरवात एक धोका आहे. आपण अशा माणसांना ‘पायाचा दगड’ म्हणतो. हे रूपक आदराचे आहे, पण दगड वेतन मागत नाही, हेही त्यात गृहीत धरलेले असते. एनसीएएने १९९१ मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली ‘मर्यादित वेतनाचा प्रशिक्षक’ असा एक वर्ग निर्माण केला. बास्केटबॉलमध्ये एक मुख्य, दोन सहायक आणि एक मर्यादित वेतनाचा अशी चारांची रचना ठरली. या चौथ्या प्रशिक्षकाला शैक्षणिक वर्षात १२,००० आणि उन्हाळ्यात ४,००० डॉलरपेक्षा अधिक देता येणार नव्हते. नवोदितांना या क्षेत्रात प्रवेश मिळावा, असे समर्थन केले गेले. परंतु या पदांवर अनुभवी प्रशिक्षकही अडकले. कॅन्ससमधील संघीय न्यायालयाने १९९५ मध्ये हा नियम स्पर्धाविरोधी ठरवला, १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी ज्यूरीने मंजूर केलेली भरपाई कायद्यानुसार तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. अखेर १९९९ मध्ये विविध खेळांतील प्रशिक्षकांशी ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली. गथ्रिज यांच्या यशाच्या पहिल्या वर्षी, त्यांच्याच जन्मराज्यातील न्यायालयात हा खटला चालू होता. एकीकडे एका सहायकाच्या निष्ठेचे गुणगान आणि दुसरीकडे शेकडो सहायकांच्या वेतनाचा दावा, ही दोन्ही एकाच व्यवसायाची चित्रे आहेत. क्रीडासाहित्याने पहिले जपले, दुसरे न्यायालयीन कागदपत्रांवर सोडून दिले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की मुख्य प्रशिक्षक जबाबदारी घेतो, पराभवानंतर पदही तोच गमावतो. म्हणून श्रेयावर हक्क त्याचाच. आक्षेप अंशतः रास्त आहे. मात्र जबाबदारी नेहमी वरच थांबते असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये खेळाडूंच्या भरतीतील लाचखोरीच्या चौकशीत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांना अटक झाली. चौघेही सहायक दर्जाचे होते आणि २०१९ पर्यंत चौघांनीही गुन्ह्याची कबुली दिली. त्यांचा दोष नाकारण्याचे कारण नाही. पण या प्रकरणात एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. विजयाची नोंद करताना अदृश्य राहणारा सहायक आरोपपत्रात मात्र नावानिशी दिसतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, सहायक प्रशिक्षकाच्या कारकीर्दीचे मूल्यमापन तो मुख्य झाल्यानंतरच्या वर्षांवरून करणे ही वाचनाची चूक आहे. गथ्रिज यांच्या बाबतीत ८० विजय हा उपसंहार आहे, ग्रंथ त्याआधीच्या तीस वर्षांत आहे. दुसरी, निष्ठेचा गौरव आणि मोबदल्याचा प्रश्न हे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याने दुसऱ्याचे उत्तर दिल्यासारखे होऊ नये. तिसरी, या क्षेत्राचे प्रामाणिक चरित्रलेखन व्हायचे असेल तर शिखरावर न पोहोचलेल्यांच्या आठवणीही नोंदल्या जाव्यात.

स्मिथ फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि गथ्रिज त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले. दोघांच्या नावांची जोडी आता अपरिहार्य झाली आहे, पण जोडीतील दुसऱ्या नावाचे काम काय होते, हे सांगणारे लेखन अद्याप तोकडे आहे. शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्या वाचकाला हा प्रश्न केवळ खेळाचा वाटू नये. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकांनाही ‘अनुभव तर मिळतो’ हेच उत्तर वर्षानुवर्षे ऐकावे लागले आहे. अनुभव मिळतो हे खरे. परंतु त्या अनुभवातून संस्थेला जे मिळते, त्याची नोंद कोणाच्या नावावर होते, हे विचारणे हेही चिकित्सेचेच काम आहे.