धूर, मीठ आणि बेगमी : लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या कथनातील हिवाळा

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ हे पुस्तक 1932 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात कथानक असे जवळजवळ नाही. आहे ती हिवाळ्याची तयारी. विस्कॉन्सिनच्या जंगलातील लाकडी घर, माळ्यावर रचलेले भोपळे, कांद्यांच्या व लाल मिरच्यांच्या वेण्या आणि अंगणात उभा केलेला झाडाचा एक पोकळ बुंधा. या बुंध्यात वडिलांनी आतून खिळे ठोकले आहेत, वर छोटेसे छप्पर घातले आहे आणि तळाशी चामड्याच्या बिजागरीचे दार बसवले आहे. हरणाच्या मांसाचे तुकडे मीठ चोळून दोरीने आत टांगायचे, खाली शेवाळ व साल पेटवून त्यावर हिकरीच्या ओल्या ढलप्या टाकायच्या आणि ज्वाळा उठू न देता कित्येक दिवस धूर कोंडून ठेवायचा, ही सारी कृती निवेदक इतक्या बारकाईने सांगते की वाचकाला ती करता यावी. बालवाङ्मय म्हणून मिरवणाऱ्या या पुस्तकाची कथनशैली इथे पाककृतीच्या वा कारागिराच्या भाषेजवळ जाते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत हे प्रकरण बहुधा ‘स्वयंपूर्ण जीवनाचे चित्रण’ म्हणून वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे. त्याचे कारण मिठात सापडते.

धूर जंगलाचा आहे. मीठ जंगलाचे नाही. लाकूड, शिकार, मधमाश्यांचा मध, मॅपलची साखर या साऱ्या गोष्टी कुटुंब स्वतः मिळवते. डुकराच्या मांड्या ज्या खाऱ्या पाण्यात मुरतात त्या पाण्यातले मीठ मात्र दुकानातून येते, आणि ते घेण्यासाठी वडिलांना हिवाळाभर सापळे लावून जमवलेली कातडी पेपिन गावी नेऊन द्यावी लागतात. घरी खारवलेल्या मांसाच्या प्रत्येक तुकड्यात अशा रीतीने बाजार आधीच शिरलेला असतो. वाइल्डर हे लपवत नाहीत. त्या त्याचा उच्चार कमी करतात, एवढेच. पुढे मळणीयंत्र आले तेव्हा त्याचे मनापासून कौतुक करणारे वडील याच पुस्तकात आहेत, हे जुन्या दिवसांसाठी हळहळणाऱ्या समीक्षकांनी विसरू नये.

डुक्कर मारण्याच्या प्रसंगात या कथनाची खरी कसोटी लागते. हेन्रीकाका मदतीला येतात, पाण्याची किटली उकळते आणि त्या क्षणी लॉरा घरात पळत जाऊन अंथरुणात डोके खुपसते व कानांत बोटे घालते. तिला किंकाळी ऐकायची नाही. ती संपली की मात्र दिवस मोठ्या मौजेचा होतो : मूत्राशय फुगवून केलेला चेंडू, काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली शेपटी, मग आईची चरबी कढवण्याची, मुंडीचे मांस शिजवण्याची आणि सॉसेज बनवण्याची लगबग. संपूर्ण कथन बालिकेच्या दृष्टिबिंदूशी बांधलेले असल्यामुळे तिने कान झाकताच वाचकाचेही कान झाकले जातात. मृत्यू संहितेतून वगळला जातो आणि तरीही त्याची जागा रिकामी दिसत राहते. या वगळण्याला दोष देण्यापेक्षा त्याची यंत्रणा समजून घेणे अधिक उपयुक्त.

त्यासाठी टॉमस हार्डी यांच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (1895) मधील डुक्करवधाशी तुलना करावी. तिथे बर्फामुळे खाटीक वेळेवर येत नाही आणि ज्यूड व अ‍ॅराबेला या नवपरिणीत जोडप्याला ते काम स्वतः करावे लागते. अ‍ॅराबेलाचा आग्रह असा की रक्त सावकाश वाहिले पाहिजे. मांस लाल राहिले तर दर वीस पौंडांमागे एक शिलिंग बुडेल. ज्यूड दयेपोटी सुरी खोल घालतो, जनावर लवकर मरते, रक्ताचे भांडे लवंडते आणि त्या क्षणी त्यांच्या संसाराची चीर वाचकाला प्रथम दिसते. येथे कुणाचेही कान झाकलेले नाहीत. पण फरक केवळ दृष्टिबिंदूचा नाही. हार्डींचे डुक्कर विक्रीचे आहे, वाइल्डरांचे खाण्याचे. विक्रीच्या मांसाला क्रूरतेचाही भाव असतो. घरच्या मांसाची क्रूरता कुटुंब आपसांत वाटून विसरते. अ‍ॅराबेलाला निर्दय ठरवणाऱ्या समीक्षेने हा हिशेब फारसा मांडलेला नाही. तिचे म्हणणे गरिबाच्या दृष्टीने बिनतोड आहे.

मालकीचा प्रश्न वाइल्डरांच्या पुस्तकात एका विनोदी प्रसंगात येऊन जातो. वडिलांना बर्फात एक अस्वल डुक्कर खाताना आढळते. ते अस्वल मारतात आणि डुक्कर कोणाचे हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे दोन्ही घसरगाडीवर घालून घरी आणतात. ते मांस पडवीत गोठून राहते व लागेल तसे कुऱ्हाडीने तोडले जाते. घरात हशा पिकतो. परंतु ‘कोणाचे हे कळत नाही म्हणून आपले’ हा न्याय या ग्रंथमालेला पुढेही पुरतो. मिसिसिपीच्या पूर्वेकडील हा मुलूख डकोटा लोकांकडून 1837 च्या करारान्वये घेतला गेला होता. पुस्तकात जंगल निर्मनुष्य आहे. 1935 च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ मध्ये तर तिथे ‘लोक’ नव्हते, फक्त इंडियन होते, अशा आशयाचे विधान आले. ते 1953 च्या आवृत्तीत बदलून ‘लोक’ ऐवजी ‘वसाहतकार’ असे करण्यात आले. 2018 साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पुरस्कारातून वाइल्डर यांचे नाव काढले, त्यामागे अशाच जागा होत्या.

चरित्राशी ताडून पाहता आणखी एक गोष्ट लक्षात येते. पुस्तकांच्या क्रमात विस्कॉन्सिन आधी आणि कॅन्सस नंतर येते. प्रत्यक्षात धाकटी बहीण कॅरी 1870 मध्ये कॅन्ससमध्ये जन्मली आणि कुटुंब 1871 मध्ये विस्कॉन्सिनला परतले. म्हणजे बाळ कॅरी ज्या घरात दिसते ते घर इंगल्स कुटुंबाने एकदा विकलेले आणि पुन्हा ताब्यात आलेले होते. कादंबरीतले ते आद्य, अढळ घर वस्तुतः फसलेल्या स्थलांतरानंतरचे होय. भरलेला माळा ही आठवण खरीच आहे. पण ती 1932 च्या मंदीत, आयुष्यभर कर्जाशी झगडलेल्या वृद्ध लेखिकेने रचलेली आहे. कन्या रोझ वाइल्डर लेन यांचा संपादकीय हात त्या रचनेत किती, हा वाद 2014 मध्ये ‘पायोनियर गर्ल’ ची सटीप आवृत्ती निघाल्यानंतर अधिक नेमका झाला, मिटला नाही.

कादंबरीकार होण्यापूर्वी वाइल्डर मिसुरीतल्या मॅन्सफिल्डजवळ कोंबड्या पाळत होत्या, ही बाब समीक्षेत तळटीपेपुरती उरते. 1911 पासून ‘मिसुरी रूरलिस्ट’ मध्ये त्यांनी लिहिले ते कुक्कुटपालनातील जाणकार म्हणून मिळालेल्या नावाच्या बळावर. शेतातल्या बाईचा हा व्यवहार रोखीचा असतो : अंडी विकली जातात, पैसा हातात येतो. डुक्कर वर्षातून एकदा मरते व हिवाळाभर पुरते. कोंबडी रोजचा हिशेब मागते. वाइल्डरांचे वाक्य इतके नेमके का, याचे उत्तर या हिशेबी गद्यात शोधायला हवे. पक्षी व हिवाळा यांची त्यांनी घातलेली सर्वांत विदारक सांगड ‘द लाँग विंटर’ (1940) मध्ये आहे. 1880-81 च्या त्या हिवाळ्यात डी स्मेट गावी आगगाड्या थांबतात आणि रेल्वेच्या भरवशावर वसलेले गाव कॉफीच्या चक्कीत गहू दळून जगते. नाताळची पेटी मे महिन्यात पोचते आणि तिच्यातली टर्की अजून गोठलेलीच असते. जंगलातल्या घराजवळ धूर होता, माळा होता. गावाजवळ फक्त रेल्वेचे वेळापत्रक.

मराठी अभ्यासकाने या साहित्याकडे वळताना ऋतूपासूनच सावध राहावे. मराठी मुलखात हिवाळा हा हुरड्याचा, भरलेल्या शेताचा काळ. बंद दारांचा ऋतू तो पावसाळा. म्हणून आपल्याकडील शब्द ‘पावसाळ्याची बेगमी’ हाच आहे : सुकट, सुके बोंबील, पापड, सांडगे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत चोरीस पावसाआधी करून ठेवतात, तेही ‘पुरुमेंत’ या बेगमीचाच भाग. तिथे धुराचे काम ऊन करते.

आणि याच उन्हात चान्याही वाळतात. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यजीवनावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) लिहिले. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2024 मध्ये आला, आणि तेव्हापासून हे पुस्तक तौलनिक चर्चेत सहज ओढले जाऊ लागले आहे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवणे, मग साठवून ठेवणे, अडीअडचणीला शिजवणे ही कृती वाइल्डरांच्या बुंध्याशेजारी ठेवण्याचा मोह होतो. साम्य तंत्राचे आहे आणि तिथेच थांबते. पोकळ बुंध्यातले हरीण कुटुंबाने निवडून मारलेले असते. गावकुसाबाहेर वाटले जाणारे मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचे, आणि ते जनावर ओढून नेणे हे गावाने लादलेले काम. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (1978) मध्ये या वाट्याची आठवण चवीपासून व अपमानापासून एकाच वेळी सुटत नाही. इथे जनावर केव्हा मरावे हे खाणाऱ्याच्या हाती नाही, म्हणून बेगमीही त्याच्या हाती नाही.

‘बिग वुड्स’ च्या अखेरच्या प्रकरणात वडील पुन्हा मीठ वापरतात, या वेळी जमिनीवर शिंपडण्यासाठी. हरणे ते चाटायला येतील आणि झाडावर बसून नेम धरता येईल, असा बेत. हरीण येते, मग अस्वल, मग पिल्लासह मादी. चांदण्यात ती इतकी सुंदर दिसतात की वडील बंदूक चालवतच नाहीत आणि रिकाम्या हाताने परततात. लॉराला आनंद होतो. घरात पाव आणि लोणी आहे. पाश्चात्त्य समीक्षेने हा त्याग निसर्गप्रेमाच्या खात्यावर जमा केला आहे. मराठी वाचकाला मांसाचा आणखी एक नकार ठाऊक आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि ज्यांनी ते सोडले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी त्या दिवशी माळा भरलेला नव्हता.