भिंतीशी उभं राहिलेल्या माणसाचं काय?

पानशेतला बॉलरूम डान्सवर बोलायला निघालोय म्हटल्यावर गाडीत एकानं विचारलंच, "तिथं कोण नाचणार?" प्रश्न काही चुकीचा नाही. शनिवार-रविवारी धरणाकाठी डीजे लागतो. नाचणारी मंडळी पुण्याची असतात आणि नाचून झालं की गाडीत बसून परत जातात. गावातला माणूस फार तर चहा देतो, गाडी लावायला जागा दाखवतो. हा नाच इथं होतो, पण इथला नाही.

म्हणून आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सोशल डान्सची परीक्षा 'सर्वांत चांगलं कोण नाचतं' या प्रश्नानं होत नाही. ज्याला नाचता येत नाही, तो भिंतीशी किती वेळ उभा राहतो, यावर ती होते.

आता हा नाच असतो कसा, ते बघू. एक लाकडी जमीन असते. तिच्यावर जोड्या गोलाकार पुढे सरकतात, घड्याळाच्या उलट दिशेनं. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर विरुद्ध. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, पहिली मात्रा जोरकस. फॉक्सट्रॉट चारांचा. एकजण दिशा देतो, दुसरा ती ओळखतो, आणि हे सगळं बोलून नव्हे, हाताच्या आणि अंगाच्या दाबावरून. शिवाय शेजारच्या जोडीला धक्का लागू द्यायचा नाही. अनोळखी माणसाबरोबर तीन-चार मिनिटं सभ्यपणे चालणं, एवढाच त्याचा गाभा आहे.

हे परकं वाटत असेल तर फुगडी आठवा. दोघी समोरासमोर, हात फुलीसारखे धरलेले, पाय जवळ, अंग मागं टाकलेलं. माझं वजन तुझ्या हातात, तुझं माझ्या. एकीनं हात सोडला तर दोघी पडणार. बॉलरूममध्ये एवढा धोका नाही, पण भरवसा तोच. मग आपल्याकडं जोडीनं नाचायची रीतच नव्हती, असं कसं म्हणायचं?

जुन्या बॉलरूममध्ये 'पॉल जोन्स' नावाचा एक प्रकार असे. बायकांचं वर्तुळ आत, पुरुषांचं बाहेर, दोन्ही उलट दिशांनी फिरतायत. बाजा थांबला की जो समोर येईल त्याच्याबरोबर नाचायचं. मग समोर साहेब येवो, नाहीतर पाय तुडवणारा नवखा येवो! (हशा) आमच्या मते बॉलरूममधली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. कारण एरवीच्या रीतीत एक मोठा दोष आहे. पुरुषानं विचारायचं आणि बाईनं वाट बघायची. कुणी विचारलंच नाही, तर संध्याकाळभर खुर्चीवर बसून हसतमुख राहायचं. हा दोष त्या लोकांना दिसत होता, म्हणून तर त्यांनी पॉल जोन्स काढला.

मग बिघडलं कुठं? लंडनमध्ये 1904 साली नृत्यशिक्षकांची इंपीरियल सोसायटी निघाली, 1924 साली तिनं बॉलरूमची वेगळी शाखा केली, आणि पावलं ठरवून दिली. ते उपयोगाचंच होतं. लंडनचा माणूस मुंबईत आला तरी त्याच पावलांवर नाचू शकत होता. पण तिकडं ब्लॅकपूलला 1920 पासून स्पर्धेचा महोत्सवही सुरू झाला होता. पाठीवर नंबर लावून नाचायचं, आणि परीक्षक बाजूला. स्पर्धा वाईट नाही हो. पण स्पर्धेत जोडीदार बदलत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला तिथं कामच नाही. आपल्या घरात बॉलरूम पोचलं ते याच वाटेनं. 2006 साली 'झलक दिखला जा' टीव्हीवर आलं आणि बॉलरूम म्हणजे बघायची गोष्ट, हे पक्कं झालं.

आम्हीही एका क्लासला जात होतो. पहिले दोन महिने छान गेले, दर आठवड्याला नवा जोडीदार. मग वार्षिक कार्यक्रम ठरला. जोड्या पक्क्या झाल्या, चांगले पुढच्या रांगेत आले, आणि आमच्यासारख्यांना तिकिटांच्या टेबलावर बसवलं. राग आला, पण नंतर कळलं की चूक एका क्लासची नव्हती. रंगमंच आला की भिंत येतेच.

आता जुन्या काळाचं गोडवेगायन करायचं नाही, म्हणून दुसरी बाजूही बघू. भुसावळ, इगतपुरी अशा रेल्वे वसाहतींत 'इन्स्टिट्यूट' नावाची इमारत असे. अँग्लो-इंडियन कुटुंबं तिथं जमत, नाच होत. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका-मुली. हा खराखुरा गावातला नाच होता. पण कित्येक ठिकाणी युरोपियनांची इन्स्टिट्यूट वेगळी आणि भारतीयांची वेगळी. भिंत दाराबाहेरच उभी होती! आणि हा नाच संपला कशानं? पावलं विसरली म्हणून नाही. स्वातंत्र्यानंतर कितीतरी कुटुंबं इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. नाचायला माणूसच उरला नाही.

गोव्यात तो टिकला, कारण तिथं माणसंही टिकली आणि जागाही. पणजीत कार्निव्हलच्या शेवटी क्लुब नासियोनालचा लाल-काळ्या कपड्यांचा नाच असतो. त्याहून आम्हाला ख्रिस्ती लग्नातला नाच जास्त शिकवून जातो. बँड लागला की आजोबा नातीबरोबर, मावशी भाच्याबरोबर. कुणाचं पाऊल चुकलं, हे तिथं कुणी मोजत नाही.

आणि आपली मंगळागौर? झिम्मा, फुगडी, रात्रभर जागरण. पण ती नव्या नवरीची, सवाष्णींची. विधवा बाई कुठं होती? स्वयंपाकघरात, नाहीतर दाराआड. आज मंगळागौरीचे ग्रूप निघालेत, एकसारखी नऊवारी, ठरलेले खेळ, स्पर्धा. त्यातल्या कितीतरी बायकांना या निमित्तानं घराबाहेर पडता आलं, हे मोठंच आहे. ते नाकारणारे आम्ही कोण? फक्त प्रेक्षकांत बसलेल्या बाईला "ये गं, हात दे" असं म्हणणारी जागा त्यातून गेली. दाराआडची बाई आता खुर्चीवर आली, एवढाच फरक पडू नये.

शेवटी पानशेतकडं येतो. 12 जुलै 1961 म्हटलं की पुण्याला पूर आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण या धरणासाठी आंबीच्या खोऱ्यातली गावं उठली, ते पुण्यात किती जणांना आठवतं? घराचा, जमिनीचा हिशेब निदान कागदावर झाला. अंगणाचा कुणी केला? दरवर्षी जिच्याबरोबर फुगडी धरायची ती शेजारीण दुसऱ्या तालुक्यात गेली, तर फुगडी कागदावर 'लोककला' म्हणून राहते, हातात राहत नाही. रेल्वे वसाहतीचं आणि या खोऱ्याचं दुःख इथं एकच आहे. नाच पावलांत नसतो मंडळी, नेहमीच्या माणसांत असतो.

म्हणून एक सुचवतो. महिन्यातून एक संध्याकाळ. जागा शाळेची, देवळासमोरची, कुठलीही. गाणं हवं ते. नियम तीनच. जोडीदार दर गाण्याला बदलायचा. विचारायचं कुणीही कुणाला, बाईनं पुरुषाला, सुनेनं सासूला. आणि 'नको' म्हटलं तर हसून मागं यायचं. तिसरा नियम, ज्याला येतं त्यानं पहिलं गाणं न येणाऱ्याबरोबर नाचायचं. वॉल्ट्झ असो की फुगडी, आम्हाला दोन्ही चालेल. रिसॉर्टवाल्या पाहुण्यांनाही बोलवा, पण बघायला नको, हात धरायला.

भाषण संपलं. भिंतीशी उभ्या असलेल्यांनी आता पुढं यावं. (टाळ्या)