ध्वनीची निष्ठा आणि गायकाची पट्टी

‘हाय एंड’ या नावाने ओळखले जाणारे जर्मनीतील ध्वनियंत्रांचे वार्षिक प्रदर्शन १९८२ साली ड्युसेलडॉर्फ येथे सुरू झाले, पुढे ते फ्रँकफर्टच्या परिसरात गेले आणि २००४ पासून म्युनिकच्या एम.ओ.सी. संकुलात भरू लागले. मे २०२५ मध्ये ते तेथे शेवटचे भरले. २०२६ पासून त्यासाठी व्हिएन्ना नगरीची निवड झाली. कन्येचे वास्तव्य म्युनिकला असल्यामुळे हे अखेरचे प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस आला. नाटकाचे परीक्षण लिहावे, ग्रंथाचे लिहावे. यंत्रांच्या बाजाराचे परीक्षण आपल्या पत्रिकेत कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात अजूनही अशी घरे आहेत की ज्यांच्या कपाटाच्या तळाशी तबकड्यांची चळत पडून आहे. त्या घरांचा या विषयाशी संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे.

खाली मोठी सभागृहे, वर काचेच्या दर्शनी भिंतींची दालने, आणि चार दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे. लाँगप्लेच्या तबकड्या विकणारेही खाली होते आणि त्यांच्यापुढे तरुणांची दाटी होती, हे पाहून संतोष वाटला. वरच्या दालनांत मात्र यंत्रांचे राज्य. तबकडी फिरविणाऱ्या एकेका चौरंगाचे वजन दोन माणसांनी उचलावे इतके, आणि किंमत अशी की त्यात आमच्या गावी घर व्हावे. तीसेक दालनांत तरी आम्ही बसलो. कारागिरीविषयी आमच्या मनात आदरच आहे. कंप पावू नये म्हणून तबकडीखालचा पाट किती जाड असावा, सुईची दांडी कोणत्या धातूची किंवा लाकडाची असावी, यावर माणसे आयुष्य वेचतात, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आमचा आक्षेप वाजविल्या जाणाऱ्या संगीताविषयी आहे. एक मंद स्त्रीस्वर, मागे दुहेरी बासचे ठोके, किंवा गिटारच्या तारेचा एखादा झगझगीत खणखणाट. एका दालनातून उठून दुसऱ्यात जावे तर पुन्हा तेच. यंत्राची ज्यात शोभा होईल तेवढेच संगीत निवडायचे आणि त्यावरून यंत्राची परीक्षा झाली असे मानायचे, हा प्रकार चांदीच्या ताटात रोज तेच दोन पदार्थ वाढण्यासारखा आहे. ताट उत्तम आहे, जेवणाचे काय? अर्ध्या मिनिटानंतर सुई उचलली जाई आणि कोणाची मुद्रा खिन्न होत नसे. गाणे अर्ध्यावर तुटल्याचे दुःख ज्या सभेत कोणालाच होत नाही, तिला रसिकसभा म्हणणे आम्हांस जड जाते.

आम्ही सोबत उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० साली निघालेली लाँगप्ले नेली होती. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. होळकर दरबाराच्या सारंगियाचा हा पुत्र आमच्या इंदूरचा, म्हणून ती नेली असे कोणी म्हणेल तर ते नाकारणार नाही. तीन दालनांत सौजन्याने नकार मिळाला. चौथ्यात एका वृद्ध गृहस्थांनी तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरून उजेडात तपासली, मऊ कुंचल्याने पुसली आणि लावली. ही मुद्रिका ‘मोनो’, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाची. ज्या ‘रंगमंचा’ची या लोकांना एवढी मातब्बरी, म्हणजे डावीकडे पियानो, उजवीकडे व्हायोलिन असे डोळे मिटून दिसणे, तो हिच्यात नाही. दोन कर्ण्यांच्या बरोबर मध्यभागी एक मनुष्य बसला आणि गाऊ लागला, इतकेच.

त्या यंत्राने जे दिले ते मान्य केलेच पाहिजे. झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत खाँसाहेब दोन स्वरवाक्यांमध्ये जो अवकाश सोडतात, तो आमच्या घरच्या यंत्रावर आम्ही चाळीस वर्षे रिकामा ऐकत आलो होतो. तेथे तो भरलेला होता. मारव्यात पंचम नाही. षड्जावरही गवई शक्यतो टेकत नाही, कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावर श्रोत्याला अधांतरी ठेवतो. त्या अधांतरी क्षणी मागे तानपुरा अखंड चाललेला ऐकू येत होता, आणि गायकाने नाकारलेला षड्ज तो तेवढा हळूच सांभाळत होता. मारव्याची व्याकुळता कशात आहे हे आम्हांस ग्रंथांतून ठाऊक होते. तेथे ते कानांनी कळले. बाजू संपेपर्यंत त्या गृहस्थांनी सुई उचलली नाही. यंत्राचे मोल यंत्राच्या आवाजात शोधू नये, दोन स्वरांमधील शांततेत शोधावे, असे आमचे मत त्या वीस मिनिटांत झाले.

‘हाय-फाय’ या शब्दाचा अर्थ उच्च निष्ठा. प्रश्न असा की निष्ठा कशाशी? मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन संस्थेच्या महागड्या मुद्रिका मूळ फितीवरून कोणताही संगणकीय टप्पा न घेता कापलेल्या असतात, अशी रसिकांची दृढ समजूत होती. २०२२ साली उघड झाले की २०११ पासून त्यांपैकी अनेकींत असा टप्पा होता. तोवर ज्यांनी त्या तबकड्यांची ‘शुद्धता’ कानांनी अनुभवली होती, त्यांनाच सर्वाधिक संताप आला. मुद्रिका वाईट वाजत होत्या असे नव्हे. उलट त्यांची स्तुतीच झाली होती. म्हणजे निष्ठा ध्वनीशी होती की ध्वनीच्या वंशावळीशी?

आपल्या जुन्या संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जर्मनीशी आपले नाते येथे जुने आहे. १९०२ साली गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान आदींचे पहिले ध्वनिमुद्रण केले. त्या तबकड्या छापल्या गेल्या हॅनोव्हरला. सियालदाचा कारखाना १९०८ मध्ये सुरू होईपर्यंत हिंदुस्थानी कंठ जर्मनीत छापून बोटीने परत येत. पण हॅनोव्हरच्या त्या ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्यांना म्युनिकच्या दालनांत जागा नव्हती. आम्ही जेथे विचारले तेथे तेहतीस आणि पंचेचाळीस एवढ्याच गती तयार होत्या. गती मिळाली तरी सुई हवी. लाँगप्लेच्या सुईच्या टोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या हजारांशात सुमारे १८. जुन्या तबकडीला ती ७० ते ७५ लागते. बारीक सुई रुंद चरीच्या तळाशी बसते, तेथला चुरा खरवडते, आणि ऐकणारा म्हणतो, जुने मुद्रण खरखरीतच असते! खर्ज आणि तीव्र स्वर किती उणेअधिक करून कापायचे याचा सर्वमान्य दंडक १९५४ साली आला. त्यापूर्वी ज्याची त्याची रीत.

आणि गती. तबकडीवर ७८ छापलेले असले तरी आरंभीच्या काळात प्रत्यक्ष मुद्रण बरेच मागेपुढे होई. शेकडा सहा फेरे अधिक झाले की अर्धा स्वर चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनचा होतो. तान विनाकारण चपळ होते, पोक्त कंठ पोरगेला वाटतो. पुढे यावरूनच लाँगप्ले, कॅसेट, सीडी निघतात आणि चुकीची पट्टी कायम होते. कोट्यवधींचे यंत्र ही चूक निर्दोषपणे वाजवून दाखवील.

हिचे निदान कसे करावे? साथीला हार्मोनियम असेल तर योग्य गतीला तिचा स्वर एखाद्या पट्टीवर बरोबर बसतो. पण तो शेजारच्या पट्टीवरही, गती किंचित बदलून, तितकाच बरोबर बसतो. शिवाय पेटीचा मूळ स्वरही कारखान्यागणिक थोडा वेगळा. दोहोंपैकी कोणती, हे अमुक बाई, अमुक बुवा कोणत्या पट्टीत गात हे ज्याने समोर बसून ऐकले तोच सांगू शकतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांच्या याद्या आणि माहिती जमविण्याचे मोठे काम केले. ही पट्टीची माहिती मात्र बहुतांशी यादीत नसून माणसांत आहे, आणि ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

१९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी सुवर्ण तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठविणाऱ्यांनी तबकडीसोबत सुई ठेवली, आणि एक फेरा किती वेळात व्हावा हे वेष्टनावर आकृती कोरून सांगितले.

म्युनिकहून परतल्यावर आम्ही आमच्या ७८ च्या तबकड्यांच्या पाकिटांवर शिसपेन्सिलीने तीन गोष्टी लिहू लागलो आहोत: गायकाची पट्टी, ती कोणी सांगितली, आणि तारीख. आजवर एकेचाळीस झाल्या. त्यांपैकी नऊ ठिकाणी दोन ज्येष्ठांची मते जुळत नाहीत. तेथे दोन्ही लिहून ठेवली आहेत.