बोंडअळी, अंडाशयाचा कॅन्सर आणि ‘सदृश’ हा शब्द

बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी का येते, हे जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना शिकवावं लागत नाही. मुळातच चिवट असलेल्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. ही झाली निवड. पण हीच अळी हिवाळ्यात वाळलेल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते. तेव्हा जनुकं तीच राहतात, बदलते ती अवस्था. मग औषधातून वाचलेली कॅन्सरची पेशी यातलं काय करते?

हा प्रश्न मनात ठेवून पुण्याच्या एनसीसीएसमधल्या डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाचे दोन पेपर वाचा. पहिला २००५ चा, ‘कॅन्सर रिसर्च’मधला. अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून त्यांनी पेशींचे क्लोन वेगळे केले. त्यातला एकच गाठ तयार करणारा निघाला. दुसरा एक पुढे कल्चरमध्ये आपोआप तसा बनला. पुन्हापुन्हा रोपण केलं तरी प्राण्यांमध्ये गाठ होतच राहिली. काम भक्कम आहे. पण रुग्ण एकच. शिवाय कल्चरमध्ये बदललेल्या क्लोनमध्ये नवं उत्परिवर्तन झालं की अवस्था बदलली, हे गाठ झाली एवढ्यावरून ठरत नाही. शीर्षकातही ‘स्टेम सेल-सदृश’ अशा अर्थाचा सावध शब्द आहे. आपल्या नोट्समध्ये नेमका तो ‘सदृश’ गळतो.

दुसरा पेपर २००९ चा, ‘स्टेम सेल्स’मधला. स्नेल आणि स्लग ही प्रथिनं पी-५३ मुळे होणारा पेशीमृत्यू अडवतात आणि पेशीला स्टेमसारखे गुण देतात, असं त्यात दाखवलंय. इथे प्रतिकाराला यंत्रणा मिळाली, हे मोठं पाऊल. तरी एक लक्षात घ्या: पेशीत एखादं प्रथिन वाढवून प्रतिकार आला, तर ‘असं होऊ शकतं’ एवढंच सिद्ध होतं. रुग्णात तसंच होतं, यासाठी वेगळा पुरावा लागतो.

अवस्थेची खरी परीक्षा म्हणजे परत फिरणं. २०१० मध्ये शर्मा आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये दाखवलं, की औषधातून तगलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपेशी औषध काढून वाढू दिल्या की पुन्हा औषधाला बळी पडतात. कायमचं उत्परिवर्तन असतं तर हे सहज झालं नसतं. उपचारही यावरच ठरतो: निवड असेल तर औषध बदला, अवस्था असेल तर थांबून तेच पुन्हा देता येईल का, ते तपासा.

म्हणून पेटच्या इंटरव्ह्यूला ‘पेशी रेझिस्टंट झाली’ एवढ्यावर थांबू नका. ती आधीच तशी होती, की नंतर झाली? आणि परत फिरते का? हे दोन प्रश्न प्रत्येक पेपरला विचारा.