अंतराळात पिंपळ नसतो

‘जेसन एक्स’ हा चांगला सिनेमा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याबद्दल बरंच बरं बोलणार आहे, तेव्हा गैरसमज नको. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या मालिकेतला हा दहावा भाग. दिग्दर्शक जेम्स आयझॅक, लेखक टॉड फार्मर, अमेरिकेत प्रदर्शित झाला २००२ मध्ये. ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ नावाचा मोठा सिनेमा तेव्हा वर्षानुवर्षं रखडलेला होता. तो पडद्यावर येईपर्यंत प्रेक्षकांनी जेसनला विसरू नये, आणि त्या सिनेमाच्या कथेलाही धक्का लागू नये, म्हणून हा भाग उचलून थेट २४५५ सालात नेऊन ठेवला. म्हणजे कोयतेवाला खुनी यानात चढला, त्यामागे वेळापत्रकाची अडचण होती. एसटी चुकली म्हणून वडापमध्ये बसावं, तसा.

तरीही मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय. तिन्ही वेळा मोबाईलवर, कारण नरडाण्यात दुसरा पडदा कुठून आणणार? आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न पडला, जो मला कुठल्याही थोर भयपटाने इतका नीट विचारलेला नाही: भुताला त्याच्या जागेवरून हलवलं तर त्याचं काय होतं?

ज्यांना जेसन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिस्टल लेक नावाचं तळं, त्याच्या काठी मुलांचं उन्हाळी शिबिर. ज्यांनी लक्ष ठेवायचं ते आपल्याच नादात, आणि जेसन नावाचं पोर तळ्यात बुडतं. १९८० च्या पहिल्या सिनेमात खून जेसन करतच नाही, त्याची आई करते, मुलाचा सूड म्हणून. जेसन स्वतः खुनी म्हणून येतो दुसऱ्या भागात, आणि तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा त्याच्या तोंडावर चढतो तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये. नंतर त्याला जाळलं, बुडवलं, गोळ्या घातल्या, नरकातही पाठवलं. तो येतच राहिला.

आता हे सगळं मराठीत सांगायचं तर एक शब्द पुरतो: मुंजा. आयुष्य अर्धवट राहिलेलं, वेळेआधी गेलेलं पोर. त्याचा राग कुणा एकावर नसतो, त्याच्या झाडाखाली जे कुणी निर्धास्तपणे जगत असेल त्याच्यावर असतो. मुंजाला पिंपळ लागतो, जेसनला तळं. तळ्याकाठी दारू पिणारी, गांजा ओढणारी, एकमेकांना मिठ्या मारणारी तरुण पोरं ही त्याची शिकार, कारण असल्याच पोरांच्या बेफिकिरीने तो मेला होता. आपल्याकडे तळ्याकाठी बसलेल्या जोडप्याला हटकायला भूत लागत नाही, शेजारचे काका पुरतात. पण तर्क तोच आहे.

स्लॅशर हा प्रकार मराठीत नाही असं कुणी म्हटलं की मी ‘झपाटलेला’कडे बोट दाखवतो. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून महेश कोठारेंनी १९९३ मध्ये तो केला, दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू उभा केला आणि रामदास पाध्येंच्या बाहुल्याने आमच्या आधीच्या पिढीची झोप उडवली. पण तात्या विंचू आणि जेसनमध्ये मोठा फरक आहे. तात्या बोलतो, टोमणे मारतो, त्याला काहीतरी हवंय: लक्ष्याचं शरीर. त्याच्याशी सौदा होऊ शकतो, निदान तशी आशा वाटते. जेसन बोलत नाही आणि त्याला काही नकोय. (भुतांच्या बाबतीतही कोकणाने आमच्यावर आघाडी घेतलीये, ही माझी जुनी तक्रार आहे. वाडा, विहीर, पाऊस म्हटलं की भयपट तयार. खान्देशातलं एप्रिलचं दुपारी दोनचं ऊन कुणी शूट करून दाखवा, मग बोलू.)

तर कथा. सरकारने पकडून ठेवलेला जेसन कशानेच मरत नाही, म्हणून रोवन नावाची शास्त्रज्ञ त्याला गोठवून ठेवायचं ठरवते. वरिष्ठांना मात्र त्याच्या शरीरावर संशोधन करायचंय, कारण त्याच्या जखमा आपोआप भरतात. त्या वरिष्ठाच्या छोट्या भूमिकेत चक्क डेव्हिड क्रोननबर्ग आहे, ज्याने स्वतः ‘द फ्लाय’ केला. तो पाच-दहा मिनिटांत मरतो. झटापटीत जेसन आणि रोवन दोघंही गोठतात. शेकडो वर्षांनी पृथ्वी ओसाड झालेली, माणसं दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेली, आणि कॉलेजच्या पोरांची शैक्षणिक सहल जुन्या पृथ्वीवर येते. ती या दोघांना उचलून यानात नेते. यानाचं नाव ग्रेंडेल, ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातल्या राक्षसाचं. त्या काव्यात मुलाच्या सूडासाठी आई येते, हे लक्षात घेतलं तर नाव उगाच ठेवलेलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जेसन वितळतो. एका मुलीचा चेहरा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ओट्यावर आपटतो आणि चेहऱ्याचे तुकडे होतात. या मालिकेच्या चाहत्यांमध्ये हा खून फार गाजला. मला तो तितका भविष्यातला वाटला नाही. द्रव नायट्रोजन आमच्याकडे गाई-म्हशी भरवायला येणाऱ्या डॉक्टरच्या टाकीतही असतो.

खरी भविष्यातली भीती दुसरीकडे आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीलाच एका पोराचा हात तुटतो. गोठलेल्या जेसनच्या हातातला कोयता खाली आल्याने. पोरं किंचाळत नाहीत. त्याला एका टेबलावर झोपवतात, मुंग्यांसारखी सूक्ष्म यंत्रं येतात आणि हात परत जोडून देतात. रोवनच्या पोटातली जखमही अशीच भरून निघते. स्लॅशरचं सगळं भांडवल एका गोष्टीवर उभं असतं: जखम परत फिरत नाही. इथे ती परत फिरते. मग घाबरायचं कशाला? प्रेक्षक सैल होतो, पात्रंही सैल होतात. आणि शेवटाकडे, यंत्रमानव असलेल्या केएम-१४ या मुलीने जेसनच्या अक्षरशः चिंधड्या उडवल्यावर, त्याचं धड पडतं नेमकं त्याच टेबलावर. यंत्रं कामाला लागतात. मांस कमी पडतं तिथे धातू भरतात. उठतो तो आधीपेक्षा दुप्पट भयंकर जेसन.

ते टेबल विचारत नाही की आपल्यावर कोण झोपलंय. मला अख्ख्या सिनेमात हाच विचार सगळ्यात थंडगार वाटला. नवा मुखवटा, चकचकीत बाहू वगैरे दिसायला हास्यास्पदच आहेत, खेळण्याच्या दुकानातल्यासारखे. पण त्याला उठवणारी शक्ती सैतानी नाही. ती उत्तम चालणारी आरोग्यसेवा आहे.

यानातल्या भयपटाचा विषय निघाला की १९७९ चा ‘एलियन’ आठवणारच. रिडली स्कॉटचा तो सिनेमाही मुळात स्लॅशरच आहे: बंद घर, एकेक करून मरणारी माणसं, शेवटी उरलेली एक बाई. (या उरलेल्या बाईला ‘फायनल गर्ल’ हे नाव कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी दिलं.) पण ‘एलियन’मधली माणसं कामावर आहेत. यान मालवाहू आहे, आणि सुरुवातीचा वाद राक्षसावरून नाही, बोनसवरून आहे. अनोळखी संदेश तपासला नाही तर वाटा बुडेल, असं करारात लिहिलंय, म्हणून ते त्या ग्रहावर उतरतात. इथल्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या मित्राला मी तो दाखवला. राक्षस यायच्या आधीच तो म्हणाला, “भो, हाई तं आपलंच शे.” पुढे कंपनीने कामगारांवर पाणी सोडलंय हे उघड होतं, तेव्हा त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

‘जेसन एक्स’मध्ये हा धागा आहे, पण वाया घालवलाय. सहलीचा प्रोफेसर लोव कर्जात बुडालेला. गोठलेला जेसन म्हणजे पुरातन, कुप्रसिद्ध वस्तू, तिला बाजारात भाव मिळेल असं कळल्यावर तो त्याला टाकून द्यायला तयार होत नाही. मुंजा आता मुद्देमाल झाला. इथे सिनेमाने थांबायला हवं होतं. कर्जबाजारी मास्तर आणि विकाऊ भूत, अजून काय पाहिजे! पण पटकथेला घाई आहे. मास्तर मरतो, सैनिक मरतात, वाटेतलं सोलॅरिस नावाचं अख्खं अंतराळ-स्थानक यानाच्या धडकेत उडतं, हजारो माणसं जातात, आणि कुणी त्याबद्दल पुन्हा एक वाक्य बोलत नाही. ही मला चूक वाटते, विनोद म्हणूनसुद्धा. जो सिनेमा एका चेहऱ्याच्या तुकड्यांवर इतका रेंगाळतो, त्याने एका वस्तीच्या मरणाला दहा सेकंद देऊ नयेत.

नटमंडळींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रोवन झालेली लेक्सा डॉइग आणि केएम-१४ झालेली लिसा रायडर या दोघी तेव्हा ‘अँड्रोमेडा’ या अंतराळ-मालिकेतही होत्या, आणि अधूनमधून सिनेमा तिचाच एखादा भाग वाटतो. केन हॉडर मात्र जेसन म्हणून चौथ्यांदा आणि शेवटचा. मुखवट्याआड नुसत्या खांद्यांनी आणि श्वासाने अभिनय कसा करावा, ते त्याच्याकडून शिकावं.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. नव्या जेसनला अडवायला शस्त्रं उरत नाहीत, तेव्हा पोरं त्याच्याभोवती खोट्या प्रकाशातून क्रिस्टल लेक उभं करतात. झाडं, रात्र, तंबू आणि दोन मुली, ज्या हसतहसत त्याला दारू, गांजा आणि लग्नाआधीच्या शरीरसुखाचं आमंत्रण देतात. वीस वर्षं या मालिकेने ज्या नीतीवर धंदा केला, तिची इथे ती स्वतःच टर उडवते. जेसन दोघींना झोपायच्या पिशव्यांत घालून एकमेकींवर आपटतो. ही सातव्या भागातल्या गाजलेल्या खुनाची नक्कल. थेटरात इथे लोक हसत असणार. मीही हसलो.

पण तिसऱ्यांदा पाहताना मी हसण्याआधीचा क्षण पाहिला. जेसन थबकतो. मान वळवून आजूबाजूला बघतो. चारशे-साडेचारशे वर्षांत पहिल्यांदा त्याच्याभोवती त्याची जागा आहे. तिच्यातलं काहीच खरं नाही, पण त्याला तेवढं पुरतं. अख्ख्या सिनेमात गोळ्यांनी, स्फोटांनी न थांबलेला माणूस आपलं तळं दिसल्यावर थांबतो. इथून सुरतेला गेलेली कितीतरी घरं मी पाहिलीत, जिथे तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत भिंतीला गावच्या देवीचा फोटो आणि कोपऱ्यात गावाकडच्या बाजरीचं पोतं असतं. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत सगळे अहिराणी बोलतात. बाहेर पडले की बोलत नाहीत.

अंतराळ निवडायचं कारण लेखकाला कदाचित इथवर येऊनच सापडलं असावं. आठव्या भागात जेसनला न्यूयॉर्कला नेलं होतं, तिथे तो नुसता परगावचा धटिंगण वाटला, आणि निम्म्याहून जास्त वेळ तर बोटीवरच गेला. इथे पृथ्वीच सुटल्यामुळे तळ्याची उणीव दिसू लागते.

शेवटी सार्जंट ब्रॉडस्की जेसनला मिठीत धरून नव्या पृथ्वीच्या वातावरणात झोकून देतो. दोघं जळत खाली येतात. खाली दोन तरुण पोरं पाण्याकाठी बसलेली, त्यांना वाटतं तारा तुटला. मुखवटा पाण्यात बुडून तळाशी जाऊन बसतो. नवा ग्रह, नवी माणसं, आणि काठावर बसायला तिथेही एक तळं आहेच.