जालन्याचे वेड्यांचे इस्पितळ : मुदखेडच्या बाजूने एक विचार

मनोरुग्णालयांच्या ओसाड आवारांविषयी जे लेखन होते त्यात वास्तूला नको तितके महत्त्व मिळते. ढासळलेली भिंत, गंजलेले गज, अंगणात माजलेली बाभळ यांच्या वर्णनाने भयाचा आभास उभा राहतो. तेथे कोण राहत होते हा प्रश्न मात्र त्यात विरून जातो. हैदराबाद संस्थानाच्या जालना येथील वेड्यांच्या इस्पितळाचा विचार याहून निराळ्या रीतीने झाला पाहिजे. 1953 साली ते हैदराबादेतील एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. जालन्याचे आवार इस्पितळ म्हणून संपले ते रोगी बरे झाल्यामुळे नव्हे, संस्था उचलली गेल्यामुळे.

या स्थलांतराचा अर्थ जालन्याच्या भिंतींपेक्षा मुदखेडच्या स्थानकावरून अधिक स्पष्ट दिसतो. मनमाडहून हैदराबादेस जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. जालना आणि मुदखेड ही दोन्ही गावे त्यावरच वसलेली. आपला माणूस इस्पितळात न्यायचा झाल्यास मुदखेडच्या कुटुंबाची वाट 1953 पूर्वी परभणीवरून, मराठी मुलखातूनच जाई. पुढे त्याच रुळांवरून उलट दिशेस, तेलुगू मुलखात जाणे आले. आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यावर तर ते इस्पितळ परराज्याचे ठरले. महाराष्ट्राच्या वाट्यास आलेली जुनी चार मनोरुग्णालये नागपूर, पुणे, ठाणे व रत्नागिरी येथील. त्यांत मराठवाड्यातील एकही नाही. राज्यपुनर्रचनेच्या इतिहासात सीमा, भाषा व पाणी यांची चर्चा विपुल आहे. या हानीची नोंद कोणी ठेवावी?

वेडाच्या इतिहासकारांनीही ती ठेवलेली नाही. वाल्ट्राउट अर्न्स्ट यांचा 1991 चा ग्रंथ कंपनीच्या अमदानीतील युरोपियन रोग्यांविषयी आहे, तर जेम्स मिल्स यांचा 2000 चा ग्रंथ एतद्देशीयांच्या इस्पितळांविषयी. दोन्ही मोलाचे खरे; परंतु दोघांची दृष्टी ब्रिटिश मुलखावर खिळलेली. 1858 चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि त्या राजवटीचे वार्षिक अहवाल हेच या अभ्यासाचे प्रमुख साधन. संस्थानी मुलूख साहजिकच बाहेर राहिला.

शिवाय निजामी कारभाराची भाषा उर्दू. मुदखेडच्या शेतकऱ्याची बडबड, त्याची शपथ, त्याच्या कुलदैवताचे नाव दप्तरात उतरले असेलच, तर ते दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या लिपीत. मराठीचा अभ्यासक मोडी शिकतो. या विषयाकडे वळणाऱ्यास शिकस्ता उर्दू वाचता आली पाहिजे.